जुन्या गोव्यातली रांग, काचेवरचा रुमाल आणि आमचे पप्पा

घाटावरचा | ९ डिसेंबर २०२४, रात्री ११:४०

घरात गेले तीन दिवस शीतयुद्ध चालू आहे, म्हणून हा धागा.

मी मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही). घराणं चार पिढ्यांचं मराठी प्रोटेस्टंट. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, पप्पा निवृत्तीनंतरही रविवारी उपदेशाला उभे राहणारे. नोकरीपायी गोव्यात आलो, म्हापशाला राहतो, बायको बार्देसची कॅथलिक. लग्नात बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून जे व्हायचं ते होऊन गेलं, पुढची आठ वर्षं गोडीत गेली. मग आलं शवप्रदर्शन.

गोव्याबाहेरच्यांसाठी: संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे इथल्या लोकांचा 'गोंयचो सायब', यांचं शरीर बॉम जेझू बासिलिकात चांदीच्या पेटीत असतं. दर दहा वर्षांनी ते खाली आणून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये लोकांना जवळून बघायला ठेवतात. यंदा २१ नोव्हेंबरला सुरू झालंय, ५ जानेवारीपर्यंत आहे.

शुक्रवारी सासूबाईंना (आम्ही त्यांना मांय म्हणतो) घेऊन गेलो. त्यांचे गुडघे गेलेत, तरी व्हीलचेअर नको म्हणाल्या. "सायबाकडे बसून जायचं नसतं." पावणेतीन तास रांगेत. पुढे कोकणी रोझरी चाललेली, मागे तमिळ बोलणारं एक कुटुंब, मध्ये मी, प्रोटेस्टंट, हातात पाण्याची बाटली आणि मांयची चप्पल. शेवटच्या वीसेक पावलांसाठी त्यांनी ती काढली होती.

पेटीसमोर मिळाले असतील चार सेकंद. भरजरी वस्त्रं, वाळलेला काळपट चेहरा. मला जे वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर पोटात कालवल्यासारखं झालं. मांयनी पर्समधून पुरुषी पांढरा रुमाल काढला, कोरा, किमतीचं स्टिकर अजून चिकटलेलं. तो काचेवर ठेवून हातानं एकदा दाबला. स्वयंसेवक "फुडें वचात, फुडें" करत होता. त्याच्या हातात काच पुसायचं फडकं. मांयचा रुमाल उचलला गेला आणि त्याच जागेवर त्याचं फडकं फिरलं.

बाहेर आल्यावर रुमाल माझ्या हातात. "तुझ्या पप्पांना दे. डोळ्याचं ऑपरेशन आहे ना, उशीखाली ठेवू दे."

पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, "दोन राजे, अठरा-चार वाच." ठेवून दिला फोन.

बायबल उघडून वाचलं. पितळी साप. मोशेनं देवाच्या सांगण्यावरून केलेला, पण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. थोडक्यात, देवानं करायला लावलेली वस्तूसुद्धा पूजेला लागली तर फोडायची. मग रुमालाची काय कथा!

माझा प्रश्न साधा आहे. रांगेत उभं राहणं, काचेला हात लावणं, रुमाल टेकवणं ही पूजा आहे का? आणि नसेल तर ती काय आहे? दोन्ही बाजूंच्या ख्रिस्ती मंडळींनी लिहा, बाकीच्यांनीही. नाताळला नगरला जायचंय आणि रुमाल बॅगेत आहे.

---

सुकेळी | १० डिसेंबर, सकाळी ७:१५

वसईचा कॅथलिक बोलतोय. तुमच्या पप्पांना माझा नमस्कार सांगा आणि त्याच पुस्तकात पाच अध्याय मागे जायला सांगा. २ राजे १३:२१. लोक एका माणसाला पुरत होते, लुटारू दिसले, घाईत प्रेत अलीशा संदेष्ट्याच्या कबरेत टाकलं. अलीशाच्या हाडांना लागताच तो माणूस उठून उभा राहिला. हाडांनाच लागून, बरं का.

आणि रुमालाचं म्हणाल तर प्रेषितांची कृत्ये १९:१२. पौलाच्या अंगावरून रुमाल आणि फडकी नेऊन रोग्यांवर घालत. मांयनी जे केलं ते बायबलात शब्दशः आहे, रुमालासकट!

पूजेचं: आराधना फक्त देवाची. ग्रीकमध्ये तिला लात्रिया म्हणतात. संतांना देतो तो मान, दुलिया. ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत मूर्तींच्या वादात आराधना वेगळी आणि मान वेगळा हे ठरावात आलं. आईच्या फोटोला हार घालणारा फोटोची पूजा करत नाही.

---

जिवंत_पाणी | १० डिसेंबर, सकाळी ९:०२

सुकेळी, ग्रीक शब्द मलाही पाठ होते. मी सासष्टीतला, तिसाव्या वर्षापर्यंत कॅथलिक, आता नव्या प्रोटेस्टंट मंडळीत, गोव्यात ज्यांना 'बिलिव्हर' म्हणून नाक मुरडतात त्यातला.

रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा, लात्रिया की दुलिया? एकाला सांगता येणार नाही. माझ्या आईनं मी आजारी असताना आंगवण (नवस) केली होती. मी बरा झालो, पण काही अडचणीनं ती दोन वर्षं फेडायची राहिली. ती दोन वर्षं घरात काही बिघडलं की 'सायब रागावला'. पंखा जळला, सायब रागावला. हा मान आहे की भीती?

समरिटन बाईनं येशूला विचारलं, डोंगरावर भजायचं की यरुशलेमात? त्यानं दोन्ही पत्ते खोडले. योहान ४:२१. मग जुन्या गोव्याचा पत्ता कुठून आला?

---

घाटावरचा | १० डिसेंबर, दुपारी १:३०

@सुकेळी, तुमचा प्रतिसाद पप्पांना वाचून दाखवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "पौल तेव्हा जिवंत होता. अलीशाच्या हाडांनी मेलेला उठला, पण त्यानंतर कुणी त्या कबरेवर जत्रा भरवली असं लिहिलंय का? उलट मोशेची कबर देवानं कुणाला कळूच दिली नाही. अनुवाद ३४:६. का कळू दिली नसेल?"

शेवटचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

---

सुकेळी | १० डिसेंबर, दुपारी २:१०

बिनतोड नाही. मोशेची कबर लपवली, पण योसेफाच्या अस्थी त्याच मोशेनं मिसरातून निघताना आठवणीनं उचलल्या आणि चाळीस वर्षं रानातून वागवल्या. निर्गम १३:१९. मोशेलाच विचारा आता, अस्थी वागवू की नको!

---

तिठ्यावरचो | १० डिसेंबर, रात्री ८:४४

मी हिंदू, सावंतवाडीचो. तुमच्या बायबलातला माका कळना नाय, पण दरवर्षी नोव्हेंबराच्या शेवटाक आमच्या दुकानावरून पायी जाणारे लोक बघतंय. सिंधुदुर्गातले, बेळगावकडचे. खांद्यावर खुरीस, पाठीक बॅग, बांदा-पत्रादेवीवरून गोव्यात उतरतत. पायाचे फोड बघून वारीतलेच वाटतत. एकदा एका म्हाताऱ्याक विचारलंय, सायब काय देता? तर म्हणालो, "काय नाय. चालूक देता."

अवांतर: ताक मी त्यांका फुकट देतंय. बायल ओरडता.

---

जांभा दगड | ११ डिसेंबर, रात्री १२:२०

इथे दोन्ही बाजूंनी वचनं चालली आहेत, थोडा इतिहास घालतो. लांब होईल.

झेवियर गोव्यात आला ६ मे १५४२ ला. वारला ३ डिसेंबर १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर. पुरताना पेटीत चुना भरला होता. कशासाठी? मांस लवकर झडावं आणि नुसत्या अस्थी न्यायला सोप्या जाव्यात म्हणून. म्हणजे पुरणाऱ्यांच्या मनात शरीर टिकवणं नव्हतंच. काही महिन्यांनी उकरलं तर शरीर शाबूत. ते मलाक्काला नेलं, तिथे पुन्हा पुरलं, पुन्हा काढलं आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणलं.

आता तारखा शेजारी ठेवा. प्रोटेस्टंट सुधारक काल्विननं संतांच्या अशा अवशेषांची (हाडं, वस्तू वगैरे) टर उडवणारी पुस्तिका लिहिली १५४३ मध्ये. येशूच्या क्रुसाचे म्हणून जेवढे तुकडे दाखवतात ते गोळा केले तर जहाज भरेल, हा टोमणा त्यातलाच. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं अवशेषांचा मान योग्यच आहे, मात्र त्यातली अंधश्रद्धा आणि कमाई बंद करा, असा ठराव केला डिसेंबर १५६३ मध्ये. हे शरीर गोव्यात आलं ते या दोहोंच्या मधोमध. धागालेखकाच्या घरातलं भांडण पेटीइतकंच जुनं आहे.

पुढची हकिगत कॅथलिकांनाही अवघड जाते. पायाचं एक बोट भक्तीच्या भरात एका पोर्तुगीज बाईनं चावून तोडलं, अशी परंपरा आहे. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून कापून रोमला पाठवला, तो आज तिथल्या जेजू चर्चमध्ये आहे. २०१८ मध्ये तो हात विमानानं कॅनडाभर फिरवून आणला. माणसाला संत ठरवलं १६२२ मध्ये, म्हणजे हात आधी गेला आणि संतपद मागून आलं.

आणि ज्यावर हा धागा आहे ते प्रदर्शन. जेजुइटांना (झेवियर याच संघाचा) पोर्तुगालनं १७५९ मध्ये हाकललं. मग गोव्यात आवई उठली की जाताना त्यांनी खरं शरीर पळवलं, पेटीत दुसरंच काही आहे. ती आवई बंद करायला १७८२ मध्ये पेटी उघडून लोकांना दाखवली. पहिलं जाहीर प्रदर्शन ते. एका अर्थानं तो पंचनामा होता. पंचनाम्याची यात्रा झाली, आणि आता यात्रेकरू दर दहा वर्षांनी पंच म्हणून येतात, असं मला नेहमी वाटतं.

---

परशुरामभूमी | ११ डिसेंबर, सकाळी १०:१५

इन्क्विझिशनबद्दल (पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाबद्दल) कुणीच बोलणार नाही का? ते आणा म्हणून पत्र कुणी लिहिलं होतं? आणि पेटीतल्या शरीराच्या डीएनए चाचणीला एवढी भीती का? [पुढचा मजकूर संपादित]

---

व्यवस्थापन | ११ डिसेंबर, सकाळी १०:५०

धागा ख्रिस्ती लोकांमधल्या मतभेदाचा आहे. ऑक्टोबरात याच चाचणीच्या विधानावरून रस्ते अडले, आपल्याकडेही तीन धागे बंद करावे लागले. चौथा नको.

---

जांभा दगड | ११ डिसेंबर, दुपारी १२:०५

व्यवस्थापनाची परवानगी गृहीत धरून दोनच ओळी. पत्र झेवियरनंच लिहिलं, १५४६ मध्ये, पोर्तुगालच्या राजाला. न्यायालय गोव्यात आलं १५६० मध्ये, त्याच्या मरणानंतर आठ वर्षांनी. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

डीएनएचं मात्र धाग्याला धरून आहे. बासिलिकापासून चालत जाल एवढ्या अंतरावर संत ऑगस्टिनचा पडका बुरूज आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला धर्म सोडायला नकार देऊन हालहाल होऊन मेली. तिच्या अस्थी ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणल्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा लिहिलेली होती, पण चर्चच कोसळलं होतं. पुरातत्त्व खात्याला २००४ मध्ये तिथे हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं तपासलं तर भारतात आढळत नाही आणि जॉर्जियात आढळतो असा मातृवंश निघाला. २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यातला भाग जॉर्जियाला दिला.

म्हणजे ऑर्थोडॉक्स राणी, कॅथलिक साधूंनी जपली, सरकारी खात्यानं खणली, प्रयोगशाळेनं ओळखली. तिथे तपासणी करणाऱ्यांना ती राणी परत हवी होती, म्हणून कुणाचं मन दुखावलं नाही. तपासणी कुणाला कशासाठी हवी आहे, हे लोकांना बरोबर कळतं.

---

आंबाड्याचं सांसव | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

माझं कुलदैवत पोर्तुगीज काळात कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला न्यावं लागलं, ते का ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्या पेटीपुढे माझा हात जोडला जात नाही, जाणारही नाही. पण माझी आजी दर वर्षी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल घेऊन जायची. का, तर ती शिरगावच्या लइराईची बहीण. सायबीण चालते आणि सायब चालत नाही, असं आमच्या घरचं आहे. कुणाला विचारायला गेलो नाही.

---

दिवाडीचो | ११ डिसेंबर, रात्री १०:१०

माझं मराठी शाळेतलं आहे, सांभाळून घ्या. घर दिवाडीला. फेरीबोटीतून उतरलं की जुनं गोवं, त्यामुळे ही रांग मी तीनदा पाहिली: २००४, २०१४ आणि आता.

आम्ही सगळे कॅथलिक एका सुरात बोलतो असं समजू नका. आमच्या घरात मी आणि माझा मोठा भाऊ यावर बोलत नाही. भाऊ नोव्हेनाचे नऊही दिवस पहाटे जातो. मी जात नाही. माझा संत जुझे वाझ. बाणावलीला जन्मला, १६५१ मध्ये. श्रीलंकेत डच लोकांनी कॅथलिकांवर बंदी घातली तेव्हा मजुराच्या वेशात तिथे शिरला, कँडीला १७११ मध्ये वारला. पोपनी २०१५ मध्ये कोलंबोत त्याला संत केला. आपला गोंयकार. आणि त्याची कबर सापडत नाही! एक हाड नाही, पेटी नाही, चांदी नाही. घाटावरचा यांच्या पप्पांनी विचारलेला मोशेचा प्रश्न वाचला आणि मला लगेच कँडी आठवली.

पण तुम्ही सांकवाळला ईस्टरआधीच्या उपासकाळात येऊन बघा. त्याच्यासाठीसुद्धा हजारो लोक चालत येतात. हाड नसलं तरी पाय चालतातच. मग भांडण हाडाचं आहे की चालण्याचं, ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट भावाच्या बाजूनं. आमची आजी १९५२ च्या प्रदर्शनाला गेली होती, तेव्हा पायांना ओठ लावता येत. मरेपर्यंत ती एकच गोष्ट सांगायची: "पाय थंड नव्हते." मी थट्टा करायचो. ती गेली तेव्हा निरोप देताना मी तिच्या पायांना ओठ लावले. थंड होते. पुढचं लिहीत नाही.

---

जिवंत_पाणी | १२ डिसेंबर, सकाळी ८:२०

@दिवाडीचो, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

माझी आई गेल्या वर्षी गेली. मी पॅरिश (गावचं कॅथलिक चर्च) सोडलेला, म्हणून गावात कुजबुज होती की मला कबरेजवळ उभं राहू द्यायचं की नाही. दिलं. माती टाकताना मागून एक जण म्हणाला, "आता तरी सायबाकडे येशील." म्हणून माझा राग. हाडांवर नाही, त्यांच्याभोवती कुंपण घालणाऱ्यांवर.

तरी रुमाल मी उशीखाली ठेवणार नाही. हिज्कीयाच बरोबर होता.

---

सुकेळी | १२ डिसेंबर, सकाळी ९:००

@जिवंत_पाणी, तो म्हणणारा माणूस चुकला. कॅथलिक म्हणून मी माफी मागतो.

पण तुम्ही लोक स्वतःला मोकळं समजता ते जरा तपासा. प्रोटेस्टंट मंडळी 'पवित्र भूमी' सहलीला जातात. येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत उतरून फोटो. येताना बाटलीत नदीचं पाणी, जैतुनाच्या लाकडाचा क्रूस. घाटावरचा, खरं सांगा, नगरच्या तुमच्या घरात यार्देनची बाटली आहे की नाही?

---

घाटावरचा | १२ डिसेंबर, सकाळी ९:४०

आहे.

शोकेसमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, कप-बशांच्या शेजारी. पप्पा २०११ मध्ये चर्चच्या सहलीला गेले होते. पाणी अर्ध्यावर आलंय, तळाशी हिरवट काहीतरी. मम्मीनं एकदा बाटली धुवायला काढली तर पप्पा ओरडले होते, जे ते कधी ओरडत नाहीत.

---

तिठ्यावरचो | १२ डिसेंबर, सकाळी ९:५२

😂😂 घावलो!

---

सुकेळी | १२ डिसेंबर, सकाळी १०:०५

मांयनी तो रुमाल विकत घेतला तो कोरा ना? मग ठीक. अवशेष विकायला चर्चच्या कायद्यात सक्त मनाई आहे, कलम ११९०. बाहेर कुणी 'काचेला लावलेले' म्हणून रुमाल विकत असेल तर घेऊ नका. मेणाचे हात-पाय आणि मेणबत्त्या यांची गोष्ट वेगळी, ते अर्पण करायचं सामान.

---

आंबाड्याचं सांसव | १२ डिसेंबर, दुपारी ४:१५

मेणाचे हात-पाय विकणाऱ्यांत किती हिंदू बायका आहेत ते एकदा बघून या. त्यांना लात्रिया-दुलिया विचारू नका, डोळे शंभराला जोडी सांगतील. 🙂

---

घाटावरचा | २९ डिसेंबर, रात्री १०:५५

अपडेट द्यायचं राहिलं. नाताळ नगरला झाला, काल परत आलो.

पप्पांचं ऑपरेशन नीट झालं, डोळ्यावर हिरवं फडकं होतं ते निघालं. रुमाल मी पहिल्या दिवशी दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पुढे ठेवला आणि म्हटलं, मांयनी पाठवलाय, काय करायचं ते तुम्ही करा. त्यांनी उचलला, उलटसुलट केला. स्टिकर अजून होतं. नखानं काढायला लागले, पण एका डोळ्यानं अंदाज येईना. मी काढून दिलं. "पन्नास रुपये," म्हणाले. "विहीणबाईंनी गुडघ्यांवर पावणेतीन तास काढले याच्यासाठी?" मी म्हटलं हो. मग बराच वेळ काही नाही.

यार्देनच्या बाटलीचा विषय मी काढणार होतो, तोंडापर्यंत आला होता. नाही काढला.

उशीखाली गेला नाही. मम्मीनं सांगितलं की त्यांनी तो स्वतः धुतला, साबण लावून, दोरीवर टाकला. मला वाटलं, संपलं. दुपारी बघतो तर वर्तमानपत्र वाचायला बसलेत आणि चष्मा त्याच रुमालानं पुसतायत. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणाले, "कापड चांगलं आहे." निघायच्या दिवशी तो चष्म्याच्या केसमध्ये घडी घालून ठेवलेला होता.

म्हापशाला आल्यावर मांयना सगळं सांगितलं, साबणासकट. बायको मला मागून चिमटे काढत होती, सांगू नको म्हणून. मांय तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुसूं दी. सायबाक कळटा."

---

तिठ्यावरचो | २९ डिसेंबर, रात्री ११:१०

माझ्या बायलेन वाचलान. म्हणता, पुढच्या वर्षी ताकाक ओरडूची नाय.